आधी टॉवर, मग रिचार्ज, शेवटी मोबाईल

नवा मोबाईल घ्यावयाचा म्हणजे प्रथम दुकानात जाऊन संच पसंत करावा, त्यात कोणत्या कंपनीचे सिम घालावयाचे ते नंतर ठरवावे आणि रिचार्ज काय, दर महिन्याला बदलता येतोच, असा क्रम आज जवळजवळ सर्वत्र गृहीत धरला जातो. चौकाचौकात टॉवर असलेल्या मोठ्या शहरात हा क्रम खपून जातो. परंतु बुलढाणा जिल्ह्यातील देऊळघाटसारख्या, पैनगंगेच्या काठी वसलेल्या आणि जिल्ह्याचे ठिकाण जवळ असूनही शेतीवर उभ्या असलेल्या गावात तोच क्रम ग्राहकाचा पैसा आणि हंगाम दोन्ही खर्ची घालतो. तेथे निवड उलट्या टोकाने व्हावयास हवी: घरात आणि शेतात कोणाचा टॉवर खरोखर पोहोचतो हे आधी, त्या कंपनीच्या योजनांतील आपल्या वापराची योजना त्यानंतर, आणि संच सर्वांत शेवटी. हे प्रतिपादन मान्य होण्यापूर्वी रूढ क्रमाच्या बाजूने जे सांगितले जाते ते तपासणे प्राप्त आहे.

पूर्वपक्षाचा पहिला आधार असा की फोर-जी असो वा फाइव्ह-जी, नवा संच सगळ्याच कंपन्यांवर चालतो, म्हणून संच आधी घेतला तरी बिघडत नाही. हे अर्धसत्य आहे. मोबाईलची लहर ज्या वारंवारतेवर चालते तिच्या ठरावीक पट्ट्याला ‘बँड’ म्हणतात, आणि संचात तो बँड नसेल तर टॉवर शेजारी उभा असूनही त्या पट्ट्यावरची सेवा मिळत नाही. कमी वारंवारतेची लहर लांब जाते आणि भिंतीतून अधिक सहज आत शिरते. जास्त वारंवारतेची लहर पुष्कळ माहिती वाहते, पण लवकर क्षीण होते. यामुळेच विरळ टॉवरांच्या ग्रामीण भागात ७०० ते ९०० मेगाहर्ट्झचे पट्टे मोलाचे ठरतात. ऑगस्ट २०२२ मध्ये संपलेल्या लिलावात खासगी कंपन्यांपैकी ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा एकट्या जिओने घेतला आणि आपल्या फाइव्ह-जीसाठी वापरला. एअरटेलची फाइव्ह-जी सेवा प्रामुख्याने ३३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर उभी राहिली. आणि बीएसएनएलची स्वदेशी बनावटीची फोर-जी, जिचे लोकार्पण २७ सप्टेंबर २०२५ रोजी झाले, ती ७०० आणि २१०० मेगाहर्ट्झवर चालते. जुन्या अनेक फोर-जी संचांत ७०० चा पट्टा, म्हणजे बँड २८, नसतो. अशा संचात बीएसएनएलचे सिम घातले आणि रेंज आली नाही की दोष कंपनीला दिला जातो, वस्तुतः उणीव संचात असते. उलट, घरातील वृद्धाचा साधा टू-जी बटनांचा फोन जिओवर चालणारच नाही, कारण त्या कंपनीचे जाळे आरंभापासून, म्हणजे सप्टेंबर २०१६ पासून, फोर-जीचे आहे आणि तिचे कॉलही त्याच जाळ्यावरून जातात. तात्पर्य, संच कोणता घ्यावा याचे उत्तर कंपनी ठरल्यावाचून देताच येत नाही.

दुसरा आधार अनुभवाचा म्हणून पुढे केला जातो: बुलढाण्याच्या दुकानात काड्या भरून दिसल्या, शेजाऱ्याकडे तेच सिम चालते, मग आपल्याकडे का चालू नये? येथे दोन गोष्टींची गल्लत होते. पडद्यावरच्या काड्या हे मोजमाप नव्हे. किती शक्तीला किती काड्या दाखवायच्या हे प्रत्येक उत्पादक आपल्यापुरते ठरवतो, त्यामुळे एकाच जागी दोन संच निरनिराळ्या काड्या दाखवू शकतात. खरे मोजमाप डीबीएम या एककात असते आणि अनेक अँड्रॉइड संचांत ते सेटिंगमधील सिमच्या माहितीत वाचता येते. हा आकडा ऋण असतो. उणे ८५ म्हणजे चांगली रेंज, उणे ११५ म्हणजे कॉल तुटण्याच्या काठावर. दर दहा अंकांमागे शक्ती दहापट घटते, म्हणून या दोहोंतील तीस अंकांचा फरक हजारपट असतो, जो काड्यांत जेमतेम दोनतीनचा दिसतो. आणि जागा बदलली की हा आकडा बदलतो. टिनपत्र्याचे छप्पर लहरी परतवून लावते, धाब्याच्या घराची जाड मातीची भिंत त्या शोषून घेते, टेकडीचा उंचवटा त्या अडवतो. अजिंठ्याच्या रांगांनी घाटावर आणि घाटाखाली अशी विभागणी झालेल्या या जिल्ह्यात तर एका वळणात टॉवर बदलतो. शेजाऱ्याची ओसरी उघडी आणि आपली खोली आतली, एवढ्या फरकाने त्याची साक्ष निरुपयोगी ठरते. सेवा-गुणवत्तेच्या २०२४ च्या नियमांनुसार आता प्रत्येक कंपनीला आपल्या संकेतस्थळावर व्याप्तीचे नकाशे ठेवावे लागतात. ते अवश्य पाहावेत, परंतु नकाशा गाव दाखवतो, आतली खोली आणि नदीपलीकडचे वावर दाखवत नाही. त्यासाठी नातेवाइकाचे वा गड्याचे सिम घटकाभर मागून घेऊन, पहाटे आणि सायंकाळी, चुलीपाशी आणि बांधावर उभे राहून आकडा वाचावा आणि एक कॉल लावून पाहावा. सायंकाळ मुद्दाम, कारण तेव्हा एकाच टॉवरवर सारे गाव तुटून पडते आणि रेंज पूर्ण असूनही नेट चालत नाही.

तिसरा आधार हिशेबाचा आहे आणि तोच सर्वांत फसवा आहे. रोज दीड जीबीची योजना ‘एका जीबीला एवढ्या कमी पैशांत पडते’ म्हणून स्वस्त ठरवली जाते. ३ जुलै २०२४ च्या दरवाढीत जिओची अठ्ठावीस दिवसांची दीड जीबीची योजना २३९ वरून २९९ रुपयांवर गेली. भागाकार केला तर ४२ जीबीला प्रत्येकी सात रुपयांच्या आसपास दर येतो. पण रोजचा कोटा मध्यरात्री संपतो, उरलेला पुढे जात नाही. ज्या घरात रोज अर्धा जीबीच लागतो तेथे १४ जीबीच वापरले जातात आणि खरा दर एकवीस रुपयांवर जातो. शिवाय अठ्ठावीस दिवस म्हणजे महिना नव्हे. वर्षात अशा रिचार्जची संख्या बारा नसून तेरा होते, म्हणजे एक संपूर्ण रिचार्ज नकळत वाढतो. हा घोळ ओळखूनच भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, जानेवारी २०२२ मध्ये प्रत्येक कंपनीला किमान एक तीस दिवसांची आणि किमान एक दर महिन्याच्या त्याच तारखेला नूतनीकरण होणारी योजना ठेवणे बंधनकारक केले. ज्यांना नेटची गरजच नाही त्यांच्यासाठी २३ डिसेंबर २०२४ च्या दुरुस्तीने केवळ कॉल आणि संदेश यांची योजना देणे आवश्यक झाले आणि विशेष रिचार्जची कमाल मुदत ९० दिवसांवरून ३६५ दिवसांवर नेण्यात आली. बटनांचा फोन वापरणाऱ्या आजीला रोज दीड जीबीची योजना मारून देणे ही बचत नसून त्या घराची लूट आहे, आणि ती थांबवण्याचे साधन नियमांत असूनही दुकानात कोणी आपणहून सांगत नाही, याचा खेद वाटल्याशिवाय राहत नाही.

यावर शेवटचे उत्तर ठेवलेले असते: चुकले तर पोर्ट करावे, क्रमांक तोच राहतो. ही सोय खरी आहे. २० जानेवारी २०११ पासून ती देशभर उपलब्ध आहे. १९०० या क्रमांकावर संदेश पाठवून मिळणारा आठ अक्षरअंकी संकेत घेऊन नव्या कंपनीकडे गेले की त्याच परिमंडळात तीन कामकाजाच्या दिवसांत बदल होतो. परंतु नव्या कंपनीत नव्वद दिवस पूर्ण झाल्यावाचून पुन्हा बाहेर पडता येत नाही. नव्वद दिवस म्हणजे शेतकऱ्याच्या हिशेबाने सोयाबीन पेरल्यापासून जवळजवळ सोंगणीपर्यंतचा काळ. जूनमध्ये केलेली चूक सप्टेंबरपर्यंत भोगावी लागते, आणि याच मधल्या काळात ई-पीक पाहणी येते. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर लागू झालेल्या या पद्धतीत शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून पिकाचे छायाचित्र काढावयाचे असते आणि ती नोंद सातबाऱ्यावर चढते. पीक विमा आणि नुकसानभरपाईच्या कामी ती नोंद उपयोगी पडते, म्हणून गावात रेंज आणि वावरात शून्य अशा सिमची किंमत रिचार्जच्या रुपयांत मोजताच येत नाही.

दोन सिम ठेवले की प्रश्न मिटला, असे म्हणणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी: दोन कंपन्यांचे अँटेना पुष्कळदा एकाच मनोऱ्यावर असतात, त्यामुळे वीज जाऊन मनोऱ्याची बॅटरी संपली की दोन्ही सिम एकदमच बंद पडतात. दुसरे सिम घ्यावयाचे तर त्याचा टॉवर वेगळ्या दिशेला आहे याची खात्री करून घ्यावे. आधारला जोडलेला क्रमांक मात्र कोणत्याही स्थितीत जिवंत ठेवावा, कारण लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीसारख्या कामांचा ओटीपी त्यावरच येतो. तो क्रमांक दुय्यम सिमवर असेल आणि नव्वद दिवस अजिबात वापरला गेला नाही, तर खात्यात किमान वीस रुपये नसल्यास तो बंद होऊ शकतो.

अल्प उत्पन्नाच्या माणसाला इतकी चिकित्सा परवडत नाही, हा आक्षेप सहानुभूतीतून येतो, म्हणून त्याचा विचार गांभीर्याने करावयास हवा. पण चिकित्सा न परवडणारा माणूस तोच असतो ज्याला चूक सर्वांत कमी परवडते; शहरातील नोकरदार चुकीचा संच वर्षाने बदलतो, शेतमजूर तोच संच चारपाच वर्षे वापरतो. आणि वर सांगितलेली तपासणी एका दिवसाची आहे, तिला उसनवारीच्या सिमपलीकडे खर्च नाही.

कंपनी आणि योजना ठरल्यावर संचाचा प्रश्न बराच सोपा होतो. त्या कंपनीचे बँड खोक्यावरील वा उत्पादकाच्या संकेतस्थळावरील यादीत आहेत का, जीपीएस उघड्या रानात लवकर जागा पकडते का, सुरक्षा-अद्यतने किती वर्षे मिळणार आणि बॅटरी दिवसभर पुरते का, एवढे पाहिले की कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलची संख्या गौण ठरते. फाइव्ह-जी संच घेणे चूक नाही, कारण संच पुढची वर्षे टिकवायचा असतो. मात्र त्यात एन-७८ (फाइव्ह-जीचा ३३०० मेगाहर्ट्झचा पट्टा) बरोबर एन-२८ (७०० चा) आहे का हे विचारावे, कारण फाइव्ह-जीच्या आरंभीच्या काही संचांत मोजकेच पट्टे होते. जुना संच विकत घेताना *#०६# दाबून पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक काढावा आणि ‘केवायएम’ ही अक्षरे इंग्रजीत लिहून पुढे तो क्रमांक १४४२२ वर पाठवावा; तो संच चोरीचा म्हणून रोखलेला किंवा बनावट क्रमांकाचा असेल तर पैसे मोजण्यापूर्वीच कळते.