तलाव शहराचा, पाणलोट कोणाचा?

नंदुरबार जिल्ह्याने 2018 या एकाच वर्षी दोन टोके अनुभवली. ऑगस्टमध्ये रंगावली नदीच्या महापुराने नवापूर परिसराला तडाखा दिला. माणसे दगावली, घरे पडली. अवघ्या अडीच महिन्यांनी, 31 ऑक्टोबरला, राज्य शासनाने 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्या यादीत याच जिल्ह्यातील तालुके होते.

याला निसर्गाची लहर म्हणून सोडून देता येणार नाही. ‘टेरी’ या संस्थेने 2014 मध्ये राज्य शासनासाठी केलेल्या अभ्यासात हवामानबदलाची सर्वाधिक झळ बसू शकणारा जिल्हा म्हणून नंदुरबारचे नाव अग्रस्थानी होते. मुंबईचा हवामान कृती आराखडा 2022 मध्ये आला, त्याचे स्वागतच आहे. परंतु ज्यांच्यापाशी ना मुंबईचा पैसा ना मुंबईचे तज्ज्ञ, त्या छोट्या शहरांचे काय?

नंदुरबार शहराची तहान शिवण नदीवरील विरचक धरण भागवते. जलवाहिन्या, टाक्या, नळजोडण्या यांवर नगरपालिकेची सत्ता चालते; धरणात पाणी किती येणार आणि सोबत गाळ किती, हे मात्र तिच्या हद्दीबाहेरच्या डोंगरउतारांवर ठरते. उतारावरची झाडी गेली की पाऊस मुरत नाही, माती घेऊन धावत सुटतो. पावसाळ्यात पूर, धरणाच्या पोटात गाळ आणि चैत्रात कोरडे ओढे, ही एकाच दुखण्याची तीन रूपे होत. थोड्या दिवसांत धो-धो कोसळण्याची पावसाची नवी रीत हे दुखणे दुणावते. सातपुड्यात सुमारे 1150 मीटर उंचीवर असलेल्या तोरणमाळच्या यशवंत तलावाचीही कथा निराळी नाही. महाशिवरात्रीच्या यात्रेला तेथे हजारोंची गर्दी लोटते, पर्यटकही वाढत आहेत; तलावाकाठी नवे बांधकाम व सांडपाणी येण्यापूर्वीच मर्यादा आखायला हवी.

मर्यादा न पाळल्यास काय होते, ते 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे नागपूरने पाहिले. चार तासांत 100 मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, दीडशे वर्षांचा अंबाझरी तलाव ओसंडला आणि नागनदीकाठच्या वस्त्या झोपेतच पाण्याखाली गेल्या. तलावाच्या सांडव्यासमोर स्वामी विवेकानंदांचे स्मारक उभे होते; त्याचा वाद मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला. हे लिहिताना वेदना होतात, पण लिहिलेच पाहिजे: स्वामीजींच्या नावाचा मान राखायचा तर ते स्मारक पाण्याची वाट सोडूनच उभारायला हवे होते. श्रद्धास्थान आहे म्हणून पाणी वळसा घालून जात नाही.

उपाय दूर शोधायला नको. शेजारच्या धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातील बारीपाडा येथे चैत्राम पवार आणि त्यांच्या ग्रामस्थांनी गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकापासून सुमारे 400 हेक्टर जंगल राखले. कुऱ्हाडबंदीचे नियम गावाने केले, मोडणाऱ्याला दंडही गावानेच केला. पाणी मुरले, विहिरींना झरे फुटले. वनवासी कल्याण आश्रमाचे कार्यकर्ते असलेल्या पवार यांना 2025 मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा शहरांतून अभिनंदनाचा वर्षाव झाला. त्या शहरांनी आता आपल्या धरणांच्या वरच्या अंगाला असलेल्या पाड्यांकडेही पाहावे. जंगल वनवासी राखणार, पाणी शहर पिणार आणि राखणदाराच्या पदरात मात्र सत्काराचा नारळ, हा व्यवहार न्याय्य नव्हे.

नंदुरबार नगरपालिकेने पाणीपट्टीतील ठरावीक वाटा पाणलोटातील ग्रामसभांना वनरक्षणासाठी द्यावा. पालिका, पाटबंधारे, वन विभाग आणि या ग्रामसभा यांची बैठक दरवर्षी पावसाळ्यापूर्वी, धरणावरच व्हावी. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना 2017 पासून आहेच. तिच्यातून निघणारी सुपीक माती सर्वप्रथम वरच्या पाड्यांच्या शेतात पडावी. नवापुरात पूररेषेचे दगड रोवून तिच्या आत बांधकामाचा एकही परवाना देऊ नये, मग अर्जदार कोणत्याही पक्षाचा असो.