त्रिकोणातला माणूस आणि हाडामांसाचा माणूस

तलासरी तालुक्यातील झरी हे गाव महाराष्ट्राच्या इतिहासात एका सभेमुळे नोंदले गेले आहे. मे १९४५ मध्ये, तेव्हाच्या उंबरगाव तालुक्यातील या गावी हजारो वारली जमले आणि यापुढे वेठीला जावयाचे नाही, असा निश्चय त्यांनी केला. त्या लढ्याची हकिकत सांगणाऱ्या आपल्या पुस्तकाला गोदावरी परुळेकर यांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ असे नाव दिले. ज्या गावाने माणूस म्हणून ताठ उभे राहण्याचा आग्रह धरला, त्या गावच्या मुलाला कागदावर माणूस उभा करता येतो काय, हा प्रश्न वरकरणी क्षुल्लक वाटेल. परंतु शैक्षणिक विषमतेचे एक दुर्लक्षित अंग त्यात दडलेले आहे.

या मुलूखात माणसाचे चित्र भिंतीवर पिढ्यान्‌पिढ्या काढले जात आहे. लग्नघरात सवाशिणी तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. त्यातली माणसे म्हणजे टोकाला टोक भिडवलेले दोन त्रिकोण, वर वाटोळे डोके आणि रेघांचे हातपाय. गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी हीच आकृती कागदावर आणि कापडावर आणली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. वारली चित्रांना आज जगभर मागणी आहे; पण याच कौतुकातून एक सोयीस्कर समजूतही रूढ झाली आहे. आदिवासी मुलाला त्रिकोण येतो, तेवढे त्याला पुरे. स्नायू, हाडे, प्रमाणबद्धता यांच्याशी त्याला काय कर्तव्य? याउलट चित्रकलेच्या तासाला तीच आकृती ‘कच्ची’ ठरते. एकीकडे गौरव आणि दुसरीकडे नापसंती, या दोहोंत मुलाची शिकण्याची संधी मात्र हुकते.

वस्तुतः दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. वारली आकृतीत शरीराचे ज्ञान नाही, असे म्हणता येणार नाही. वरचा त्रिकोण खांद्यांचा, खालचा कमरेचा. दोहोंचा सांधा जेथे, तेथे माणूस वाकतो, वळतो, नाचतो. कलाशाळेत मानवाकृतीचा पहिला धडा याहून वेगळा नसतो. माणूस एका पायावर भार टाकून उभा राहिला, की त्या बाजूची कंबर वर चढते, त्याच बाजूचा खांदा खाली उतरतो आणि गळ्याची खळगी भार घेतलेल्या पावलाच्या वर येते. खांद्यांची आणि कमरेची अशा दोन रेषा ज्याला दिसल्या, त्याच्या हातून निर्जीव बाहुली निघत नाही. पुरुषाकृतीत खांद्यांची रेषा रुंद आणि कमरेची अरुंद असते. त्रिकोणांची मापे बदलली की हा फरकही साधतो.

त्यापुढचा अभ्यास मात्र आपोआप येत नाही. तो शिकवावा लागतो. उभ्या माणसाची उंची साधारणपणे त्याच्या डोक्याच्या साडेसात पट असते, आणि शरीराचा मध्य बेंबीवर नव्हे, तर तिच्या बराच खाली, जांघेपाशी येतो. पंजा पालथा केला की कोपरापुढील दोन हाडे एकमेकांवर आडवी येतात आणि हाताचा सारा घाट पालटतो. दंड, पोटरी, छाती हे नुसते फुगवटे नव्हेत. प्रत्येक स्नायू एका हाडापासून निघून दुसऱ्या हाडाला ओढतो. हे न समजता काढलेला बलदंड पुरुष बटाट्यांच्या पोत्यासारखा दिसतो. १८५७ साली स्थापन झालेल्या मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतही विद्यार्थी प्रथम ग्रीक पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रतिकृतींवरून गिरवीत. जिवंत माणूस समोर बसवून अभ्यास करण्याच्या वर्गाला जोर आला तो १९१९ नंतर, ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या कारकिर्दीत. ज्ञान पुतळ्यापासून माणसाकडे सरकले, ते प्रयत्नपूर्वक.

शासनाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षांत स्मरणचित्र असते आणि त्यात माणसे काढावी लागतात. या परीक्षांच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळत असल्याने त्यांना व्यवहारी मोलही आले आहे. शहरातील मुलगा शिकवणी लावतो. इतरत्र मार्गदर्शिकेतले ठरीव बैलगाडीवाले आणि पाणवठ्यावरच्या बायका पाठ केल्या जातात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरांहून अधिक पट असेल, तरच कलेसाठी अंशकालीन निदेशक मिळतो. विखुरलेल्या पाड्यांतील लहान शाळा या हिशेबात आपोआप बाहेर राहतात. जेथे संख्या कमी तेथे गरजही कमी, हे अंकगणित सोपे आहे, न्याय्य नाही.

आणि अभ्यासाचे साहित्य पाहू गेल्यास, ते या मुलांभोवती विपुल आहे. ताडावर चढणारा माणूस, चिखलात नांगर दाबणारा, वीटभट्टीवर डोक्यावर ओझे तोलणारा: पाठीचा कणा कसा वाकतो आणि पोटरी कशी ताणते, हे शहरातील मुलापेक्षा या मुलांनी अधिक जवळून पाहिलेले असते. उणीव आहे ती पाहिलेल्याला नाव आणि माप देणाऱ्या शिक्षकाची. विज्ञानाच्या तासाला सांगाड्याचा तक्ता भिंतीवर असतोच. तोच तक्ता चित्रकलेच्या तासाला का उतरवू नये?

अशाने परंपरा बिघडेल, असा आक्षेप घेतला जाईल. पण व्याकरण शिकल्याने कोणाची मायबोली सुटल्याचे ऐकिवात नाही. दोन्ही येणारा मुलगा पुढे त्रिकोणच काढील, तर ती त्याची निवड असेल. एकच येत असेल, तर ती निवड त्याच्या वतीने इतरांनी केलेली असेल. आपल्या वतीने इतरांनी ठरवावे, हे झरीने १९४५ सालीच नाकारले होते. चित्रकलेच्या तासानेही आता तेवढा धडा घ्यावा.