घरचें गाणें आणि ध्वनिवर्धकाचे वर्ग

घरांत गाण्याचें चांगलें यंत्र घ्यावें असा बेत ठरला कीं, लगेच मतभेदांस आरंभ होतो. आजोबांना पहाटेचा आलाप मंद आवाजांत ऐकावयाचा असतो. चिरंजिवांना तबल्याचा ठेका छातींत घुमावयास हवा असतो. आणि विजेचें बिल ज्यांना भरावें लागतें त्यांची विवंचना निराळीच. त्यांतच दुकानदार ‘क्लास ए’, ‘क्लास एबी’, ‘क्लास डी’ अशीं अक्षरें पुढें करतो. ‘ए’ म्हणजे पहिल्या प्रतीचा असें समजून पुष्कळ सुशिक्षित माणसेंही फसतात. म्हणून या महिन्यास आम्हीं हा विषय घेतला आहे.

हीं अक्षरें गुणांचीं नव्हेत, काम करण्याच्या रीतीचीं आहेत. ध्वनीची लाट शून्याच्या वर व खालीं सारखी हेलकावत असते. ‘ए’ वर्गांत ट्रान्झिस्टर त्या लाटेच्या संपूर्ण फेऱ्यांत वीज वाहून नेत असतो. गाणें थांबलें तरी त्याला विश्रांति नाहीं. त्यामुळें आवाज स्वच्छ येतो खरा, पण घेतलेल्या विजेपैकीं फार तर निम्मी ध्वनीच्या कामीं येते व बाकीची उष्णता होऊन जाते.

‘बी’ वर्गांत दोन ट्रान्झिस्टर काम वांटून घेतात. एक वरची अर्धी लाट उचलतो, दुसरा खालची. वीज वांचते, परंतु पालखीचे भोई खांदा बदलतांना जसा हिसका बसतो, तसा येथें सांध्यावर बसतो. मोठ्या आवाजांत तो दडून जातो. तंबोऱ्याच्या मंद झंकारांत मात्र कानांस बोंचतो. यावर उपाय ‘एबी’चा. दोन्ही ट्रान्झिस्टरांतून थोडी वीज सदैव वाहती ठेवावयाची, म्हणजे पहिला भोई खांदा काढण्यापूर्वींच दुसऱ्यानें तो दिलेला असतो. दीर्घकाळ बहुतेक घरगुती यंत्रें याच रीतीचीं होत आलीं.

‘डी’ म्हणजे डिजिटल, ही समजूत चुकीची आहे. ‘सी’नंतरचें तें पुढचें अक्षर, इतकेंच. यांत ट्रान्झिस्टर एकतर पूर्ण चालू नाहीं तर पूर्ण बंद, आणि ही उघडझांप सेकंदास लाखों वेळां. लाटेप्रमाणें चालू राहण्याचा काळ कमीअधिक होतो व शेवटीं वेटोळें आणि कपॅसिटर मिळून त्यांतून ध्वनि गाळून काढतात. येथें नव्वद टक्क्यांच्या आसपास वीज कामीं येते. या रीतीचीं आरंभींचीं यंत्रें कर्कश असत. आजच्या चांगल्या यंत्रांविषयीं तसें म्हणतां येणार नाहीं.

आतां हिशेब पाहूं. ‘ए’ वर्गाचें एखादें यंत्र सतत १५० वॅट घेतें असें धरलें, तर रोज चार तास लावल्यास महिन्यास १८ युनिटें लागतील. मंद आवाजावर १५ वॅट घेणाऱ्या ‘डी’ यंत्रास दोन युनिटेंही लागणार नाहींत.

शिवाय घराला शक्ति लागते तरी किती? १९६९ सालीं जॉन लिन्स्ले हूड यांनीं ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकांत अवघ्या १० वॅटांच्या ‘ए’ वर्गाच्या यंत्राची रचना प्रसिद्ध केली, आणि हौशी लोकांनीं तीं यंत्रें घरोघरीं बांधलीं. शक्ति दुप्पट केली तरी आवाज तीनच डेसिबलांनीं वाढतो. म्हणून वॅटांच्या मोठ्या आंकड्यांस भुलूं नये.

तेव्हां आमची सूचना अशी: दुकानांत यंत्र मोठ्यानें लावून दाखवतील, आपण तें अगदीं हळू करून तंबोरा ऐकावा. अक्षरापेक्षां लाउडस्पीकरावर अधिक पैसा घालावा. ‘ए’ किंवा ‘एबी’ यंत्र बंद कपाटांत ठेवूं नये, त्यावर विणलेला रुमाल घालूं नये, आणि लहान मुलांच्या हातांपासून तें दूर असावें. आजोबांना तंबोरा स्वच्छ ऐकूं आला आणि रात्रीं शेजारच्या खोलींतील बाळ जागें झालें नाहीं, म्हणजे निवड योग्य झाली असें खुशाल समजावें.