गृहचर्चा : चेंडूमागें निघालेला नातू

कागलाहून एका वाचक गृहस्थांचें पत्र आलें आहे. वय पंच्याहत्तरीपुढें, सारें आयुष्य शिक्षकाच्या पेशांत गेलेलें, घर अजून एकत्र. दोन मुलगे, दोन सुना आणि पांच नातवंडें एका चुलीवर जेवतात. त्यांतला मधला नातू बारा वर्षांचा आहे. तो शाळेच्या फुटबॉल-संघांत आघाडीवर खेळतो. त्याच्या शिक्षकांनीं सुचविलें कीं, त्याला पुण्याच्या निवासी क्रीडाशाळेच्या निवड-चाचणीस पाठवावें; आणि तेव्हांपासून घरांत दोन पक्ष पडले आहेत. मुलाचे वडील अनुकूल, काका प्रतिकूल, आई कांहींच बोलत नाहीं, आणि आजीबाईंचा प्रश्न एकच : तेथें पोराला जेवायला काय घालतात? आजोबांनीं आम्हांला विचारलें आहे तें असें कीं, गोल मारणें हा पोटापाण्याचा धंदा होऊं शकतो काय. आणि होत असल्यास आपल्यासारख्या घरानें तो मुलासाठीं पत्करावा काय.

प्रश्न प्रामाणिक आहे, तेव्हां उत्तर गोड करून देण्यांत अर्थ नाहीं.

प्रथम एक गोष्ट काकांस सांगितली पाहिजे. खेळाचें वेड हें त्या मुलानें कोठून तरी बाहेरून आणलेलें नाहीं. शाहू छत्रपति हे मूळचे कागलच्या घाटगे घराण्यांतले. १८८४ सालीं ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले, आणि त्यांनीं मल्लविद्येला दिलेला आश्रय सर्वश्रुत आहे. कुस्तीसाठीं पेठापेठांतून ज्या तालमी नांदत होत्या त्यांच्याच नांवांनीं पुढें फुटबॉलचे संघ उभे राहिले. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाळ हीं नांवें परक्या माणसाला आखाड्याचीं वाटतील; पण शाहू स्टेडियममध्यें यांचा सामना असला म्हणजे अवघ्या पेठेची अब्रू पणाला लागते. अलीकडच्या वर्षांत तर कांहीं मंडळांनीं आफ्रिकेंतले खेळाडूहि आणून खेळविले आहेत. कागलाहून हें सारें एस. टी. नें पाऊण तासाच्या आंत आहे. त्या वाऱ्यांतून मूल कोरडें कसें राहील?

परंतु काकांचें म्हणणें एवढ्यानें खोटें ठरत नाहीं. गर्दी हजारोंची असली तरी त्या गर्दींतून पगार निघत नाहीं. रविवारीं ज्याला खांद्यावर घेऊन नाचले तोच सोमवारीं दुकानांत किंवा कारखान्यांत कामावर हजर असतो. ज्याला हा धंदा म्हणूनच करावयाचा आहे त्याला कोल्हापूर सोडावें लागतें, आणि तेंहि मिसरूड फुटण्यापूर्वीं.

अनिकेत जाधव यानें तें केलें. त्याचा जन्म २००० सालीं कोल्हापुरांत झाला. वडील रिक्षा चालवीत. लहानपणींच तो पुण्यास बालेवाडीच्या क्रीडा प्रबोधिनींत दाखल झाला. ही शासनाची निवासी संस्था असून तेथें राहणें, जेवणें, शाळा आणि सराव एकत्रच चालतात. पुढें १७ वर्षांखालील विश्वचषकासाठीं भारताचा संघ निवडला गेला त्यांत हा आघाडीचा गडी होता. २०१७ च्या ऑक्टोबरांत दिल्लीस झालेले ते तीन सामने अमेरिका, कोलंबिया आणि घाना यांच्याशीं होते, आणि तिन्ही आपण हरलों. पण कोणत्याहि वयोगटाच्या विश्वचषकांत भारताचा संघ उतरण्याची ती पहिलीच वेळ होती. त्याच वर्षाच्या अखेरीस इंडियन ॲरोज या तरुणांच्या संघाकडून आय-लीगच्या पहिल्याच सामन्यांत त्यानें चेन्नई सिटीविरुद्ध दोन गोल केले. २०१९ सालीं इंग्लंडांतील ब्लॅकबर्न रोव्हर्स या जुन्या संघाकडे तो कांहीं महिने सरावासाठीं राहून आला (या संघाची मालकी २०१० पासून पुण्याच्या वेंकीज उद्योगाकडे आहे, ही गोष्ट आमच्या पुणेकर वाचकांसहि बहुधा नवी असेल). त्यानंतर जमशेदपूर, हैदराबाद, ईस्ट बंगाल, ओडिशा असा त्याचा प्रवास झाला. रिक्षाचालकाच्या मुलानें पायांच्या बळावर केलेली ही मजल लहान नव्हे.

परंतु या नामावळीकडे आजोबांनीं शिक्षकाच्या नजरेनें पाहावें. दर एक-दोन वर्षांनीं नवें शहर, नवा प्रशिक्षक, नवा करार. शिवाय ज्या जागेवर लहानपणापासून खेळला ती जागाहि हातीं राहील असें नाहीं. गोल मारण्याच्या मुख्य जागीं आपल्याकडचे बहुतेक संघ परदेशी गडी आणतात आणि देशी मुलाला बाजूच्या फळीवर ढकलतात. अनिकेतलाहि बराच काळ कडेनेंच धांवावें लागलें आहे.

आणि संघ तरी किती टिकतात? एकट्या पुण्याचेंच पाहा. पुणे एफ. सी. २००७ मध्यें निघाला आणि २०१५ मध्यें थांबला. भारत एफ. सी. एकच हंगाम खेळला. डी. एस. के. शिवाजीयन्सनें २०१७ नंतर अंग काढून घेतलें. पुणे सिटी २०१९ मध्यें बंद होऊन त्याच्या जागीं हैदराबादचा संघ उभा राहिला. त्या संघानें २०२२ सालीं अजिंक्यपद मिळविलें, आणि पुढच्या दोन वर्षांतच खेळाडूंचे पगार थकल्याच्या बातम्या येऊं लागल्या. २०२५ च्या जुलैंत तर महासंघ आणि आयोजक यांच्यांतील कराराचें नूतनीकरण न झाल्यामुळें इंडियन सुपर लीगचा अख्खा हंगामच लांबणीवर पडला. बँकेंतली किंवा शाळेंतली नोकरी पाहिलेल्या घराला ही अनिश्चितता मानवणार नाहीं, आणि त्यांत घराचा दोष नाहीं.

आतां ज्यांच्याशीं आपल्या मुलांची स्पर्धा लागते ते परदेशी गडी कसे घडतात हेंहि पाहिलें पाहिजे. पूर्व आफ्रिकेंतील एकाची हकीकत आम्हांस विशेष वाटते. नैरोबी हें नांव आपल्या जुन्या घरांना औंधच्या आप्पासाहेब पंतांमुळें परिचित आहे. १९४८ पासून ते तेथें भारताचे कमिशनर होते. त्या नैरोबींत १९९४ सालीं जन्मलेला मायकेल ओलुंगा भारतांतल्या कोणत्याहि संघाकडून खेळलेला नाहीं, पण त्याची कहाणी कागलच्या घराला उपयोगी पडेल. कारण हा तरुण खेळूं लागला तेव्हां अभियांत्रिकीचा विद्यार्थी होता; भूमापन आणि नकाशे यांच्या विद्येशीं संबंधित असा त्याचा विषय. २०१५ मध्यें गोर माहिया या संघाकडून त्यानें १९ गोल केले, आणि तो संघ त्या वर्षीं एकहि सामना न हरतां विजेता झाला. पुढच्या वर्षीं स्वीडन. तेथें १२ गोल. नंतर चीन. तेथून स्पेनमधील जिरोना संघाकडे उसना गेला असतां २०१८ च्या जानेवारींत एका सामन्यांत तीन गोल. इतकें होऊनहि जिरोनाकडे त्याला कायमची जागा मिळाली नाहीं. २०१८ च्या मध्यास तो जपानांत काशिवा रेसोल या संघांत गेला, आणि त्याच वर्षाअखेर तो संघ घसरून दुसऱ्या श्रेणींत गेला!

चोविसाव्या वर्षीं, घरापासून हजारों मैल दूर, भाषा येत नाहीं, आणि संघ खालच्या श्रेणींत. अशा वेळीं पुष्कळ जण निघून जातात. ओलुंगा राहिला. २०१९ च्या २४ नोव्हेंबरला क्योटोच्या संघाविरुद्ध त्यानें एकट्यानें आठ गोल केले. सामना १३-१ असा सुटला. संघ पुन्हा वर आला, आणि २०२० मध्यें पहिल्या श्रेणींत त्यानें २८ गोल करून सर्वाधिक गोलांचा मान आणि वर्षांतील सर्वोत्तम खेळाडूचा किताब दोन्ही मिळविले. २०२१ पासून तो कतारांत अल-दुहैलकडे गेला आणि तेथेंहि गोल करणाऱ्यांत अग्रभागीं राहिला. आमच्या मतें त्या आठ गोलांहून खालच्या श्रेणींतलें तें एक वर्षच अधिक मोलाचें होतें. गोलरक्षकाची चूक डोळ्यांस दिसते, मधल्या फळीचें काम जाणत्यालाच कळतें. आघाडीच्या गड्याचा हिशेब मात्र रोज आंकड्यांत मांडला जातो, आणि चार सामने कोरडे गेले कीं लोक त्याच्या मागच्या वर्षाचे गोल विसरतात. हें सोसण्याचें बळ सरावाच्या मैदानावर थोडें येतें. पुष्कळसें घरून न्यावें लागतें.

म्हणून आजोबांस आमचें सांगणें असें : नातवाला चाचणीस जाऊं द्यावें. निवड न झाली तर तो प्रश्न आपोआप मिटेल, आणि "मला कोणी जाऊंच दिलें नाहीं" हा सल त्याच्या मनांत राहणार नाहीं. निवड झाली तर पाठविण्यापूर्वीं वडिलांनीं स्वतः जाऊन पाहावें कीं, शाळा कागदावर आहे कीं प्रत्यक्षांत, दुखापत झाली असतां उपचार कोण करतो, आणि मध्येंच मुलगा परत आला तर त्याचें वर्ष बुडेल कीं कसें. निवडलेल्या मुलांपैकीं बहुतेक जण व्यावसायिक खेळाडू होत नाहींत; ही गोष्ट मुलाला आधींच, रागानें नव्हे, समजावून सांगावी. जे होतात त्यांचेहि पाय पस्तिशीच्या सुमारास थकतात. महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठीं शेंकडा पांच जागा राखीव असतात, पण त्यांना ठरावीक दर्जाची कामगिरी लागते आणि शिक्षणहि लागतें. प्रशिक्षक व्हावयाचें तर त्याच्याहि परीक्षा असतात. दहावीचें पुस्तक आणि बूट एकाच पिशवींत गेले पाहिजेत.

कागलच्याच आनंद यादवांनीं 'झोंबी'मध्यें शिकण्यासाठीं घराशीं केलेली झुंज लिहून ठेवली आहे. त्यांच्या वडिलांना मुलगा शेतांत हवा होता. त्याच गांवांत आतां एक शिक्षित घर मुलाला पुस्तकापाशीं धरून ठेवूं पाहत आहे, आणि मुलगा मैदानाकडे ओढ घेतो आहे. आजोबांनीं तें पुस्तक घरांत असल्यास एकदां काकांच्या हातीं द्यावें.

मुलाची आई कांहीं बोलत नाहीं असें पत्रांत आहे. तिला कोणी विचारलें आहे काय, हें मात्र लिहिलेलें नाहीं. तें विचारून मगच अर्जावर सही करावी.

राहिला आजीबाईंचा प्रश्न. निवासी क्रीडाशाळांतून अंडीं आणि मांस मिळतें, हें लपवून उपयोग नाहीं. परंतु भारताच्या संघाकडून नव्वदाहून अधिक गोल करणाऱ्या सुनील छेत्रीनें उत्तरवयांत मांसाहार अजिबात सोडला आणि तरीहि तो खेळत राहिला. दूध, डाळी, शेंगदाणे, पनीर हें पुरेसें मिळेल काय, एवढें वडिलांनीं भोजनगृहांत जाऊन विचारावें. आणि दिवाळीच्या सुटींत नातू घरीं येईल तेव्हां त्याची भूक दुप्पट झालेली असेल, याची तयारी आजीबाईंनीं आतांपासूनच ठेवावी.