आधी पाणी, मग फडकं

डिचोलीच्या मंडळींनो, बरेच दिवस बोलायचं होतं. गाडी सुक्या फडक्याने पुसू नका. हात जोडून सांगतो.

२००६ साली पप्पांनी निवृत्तीच्या पैशांतून गडद निळी वॅगनआर घेतली. घरातली पहिली चारचाकी. तेव्हा चीनला माल जात होता. ट्रकांची रांग तुटायची नाही. झाडं, कौलं, दोरीवरचे कपडे, सगळं तांबडं. सकाळी पुसलेली गाडी दुपारपर्यंत विटकरी. पप्पा सकाळ-संध्याकाळ जुन्या धोतराच्या मऊ फडक्याने ती पुसायचे, मी दुसऱ्या बाजूने. धुवायचं म्हटलं तर उन्हाळ्यात विहीर तळाला गेलेली. आई म्हणायची, "पयलीं पिवपाचें उदक, मागीर तुमची गाडी." बरोबरच होतं तिचं.

दोन वर्षांत बॉनेटवर उन्हात कोळ्याचं जाळं दिसायला लागलं. गॅरेजवाला म्हणाला, "फडकं मऊ आहे हो, धूळ मऊ नाही." खनिजाचे आणि वाळूचे कण फडक्यात अडकले की त्याचा पॉलिशपेपर होतो. ओरखडे पडतात रंगावरच्या पारदर्शक थरावर, आणि पॉलिश करणं म्हणजे तोच थर आणखी घासून सपाट करणं. तो पुन्हा वाढत नाही. पप्पांनी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी फडकं घेऊन गाडीपाशी गेले, थोडा वेळ उभे राहिले आणि फडकं खांद्यावर टाकून आत आले.

२०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, २०१८ मध्ये पुन्हा. गाड्या स्वच्छ राहिल्या, ट्रक अंगणात गंजले. तो विषय वेगळ्या पोस्टचा. २०२४ पासून डिचोलीची खाण परत चालू झाली आणि फडकीही परत बाहेर आली, म्हणून हे लिहितोय.

माझी रीत साधी. गाडी सावलीत, पत्रा थंड. छपरावरून लोट्याने पाणी सोडायचं, धूळ आपोआप उतरू द्यायची. मग गाडीचा शाम्पू, वरून खाली. भांड्यांच्या साबणाने मेण निघून जातं. चाकांकडचं फडकं वेगळं. मिरगाच्या आधी मेणाचा एक हात. काळ्या बंपरवर आणि रबरी पट्ट्यांवर डिझेलचं बोळं फिरवणारे आपल्यात पुष्कळ आहेत. चार दिवस चकाकतं, नंतर रबर फुगतं. दसऱ्याचं कुंकू काचेवर लावा, रंगावर डाग राहतो. (आमच्या आत्याला हे अजून पटलेलं नाही.)

कुणी म्हणेल, एवढं पाणी कुठून आणायचं? नसेल तर गाडी तांबडी राहू दे. लोक हसतील, हसू देत.

पप्पा गेले, वॅगनआर आहे. परवा भाचा सुकं फडकं घेऊन तिच्याकडे निघाला, तेव्हा मी जेवणावरून उठून ओरडलो. त्याने कानातलं काढून विचारलं, "काय झालं मामा?"