तिफण आणि मूठ

बायबलातील पेरणाऱ्याचा दाखला वाचून ‘वाटेवर नि खडकावर बी सांडणारा हा कसला शेतकरी?’ असे हसणारे विद्वान आमच्या नागपुरात आढळतात. पण हा दोष दृष्टान्ताचा नव्हे, आमच्या तिफणीच्या सवयीचा! तिफणीच्या चाड्यातून बी नळ्यांवाटे थेट तासात उतरते. पॅलेस्टाइनात ते मुठीने फेकीत, म्हणून चहूकडे उडे. उलट मळणीच्या बैलास मुसके न बांधण्याची मोशेची आज्ञा, वाऱ्यावरची उपणणी, रूथने वेचलेला सरवा, हे सारे खळे पाहिलेल्या कुणब्यास टीकाग्रंथावाचून उमगते. १९२२ साली निवर्तलेल्या पंडिता रमाबाईंनी हिब्रू-ग्रीक शिकून बायबल साध्या मराठीत उतरविले, ते अशांसाठीच. परधर्माच्या ग्रंथास हसण्यापूर्वी विद्वानांनी निदान त्यातील शेतकऱ्याचे अवजार तरी पाहावे!