स्मृतिभ्रंशाच्या निदानाला एकटा एमआरआय पुरत नाही



विसराळू झालेल्या आईवडिलांचा एमआरआय होतो, अहवालात ‘वयोमानानुसार मेंदूची झीज’ असा शेरा येतो आणि घरचे ‘आता वयच झालं’ म्हणून गप्प बसतात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. एवढ्या मोठ्या आजाराची बोळवण अशा एका ओळीवर होऊ नये.

एमआरआय मेंदूची रचना दाखवतो. नव्या आठवणी घडवणारा हिप्पोकॅम्पस आक्रसला आहे का, कुठे गाठ, रक्तस्राव किंवा पाणी साचले आहे का, हे त्यात कळते. पेशी किती काम करतात, ते एफडीजी-पेट स्कॅनमध्ये दिसते. शिरेतून एफडीजी हे किंचित किरणोत्सारी ग्लुकोज देऊन रुग्णाला मंद उजेडात अर्धा तास शांत पडून राहायला सांगतात; मग कोणता भाग किती साखर वापरतो, ते टिपतात. अल्झायमरमध्ये सहसा कानशिलाकडचा आणि त्यामागचा भाग मंदावतो, फ्रंटोटेम्पोरल प्रकारात कपाळामागचा, तर ल्युई बॉडी प्रकारात दृष्टीचे केंद्रही. दोन्ही प्रतिमा एकमेकींवर ठेवून वाचल्या, तर अशा प्रकारांतला फरक अधिक खात्रीने ओळखता येतो.

‘बरे करणारे औषधच नाही, मग खर्च कशाला?’ असे विचारले जाते. पण ल्युई बॉडीच्या रुग्णाला भास होतात म्हणून हॅलोपेरिडॉल दिले, तर अंग ताठरून जिवावर बेतू शकते. कोणते औषध टाळायचे, हे योग्य निदानावरच ठरते. अमेरिकेत २०२३ मध्ये पूर्ण मान्यता मिळालेले अल्झायमरवरचे औषध लेकॅनेमॅब सुरू करण्याआधी मेंदूत अमायलॉइड हे प्रथिन साचले असल्याची खात्री करावी लागते, त्यासाठी अमायलॉइड दाखवणारा वेगळा पेट स्कॅन उपयोगी पडतो. पुढे सूज किंवा रक्तस्रावावर लक्ष ठेवायला ठरावीक काळाने एमआरआय लागतो.

सरसकट सर्वांचे स्कॅन करा, असे माझे म्हणणे नाही. निरोगी वृद्धांच्या मेंदूतही अमायलॉइड सापडते. आधी बी-१२, थायरॉइड, स्मृतिचाचणी आणि एमआरआय व्हावा. तरीही निदान अडले किंवा आजार साठीआधीच सुरू झाला, तर पेट करावा.

पेट यंत्रे आज प्रामुख्याने कर्करोगासाठी वापरली जातात. एफडीजीतील किरणोत्सार दोन तासांच्या आत निम्म्यावर येतो, ते दूरवर पोचवणे कठीण असते, त्यामुळे गावोगावी केंद्र काढणे अवघड आहे. म्हणून शासनाने सध्याच्या केंद्रांवर आठवड्यातला एक दिवस स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी राखावा, मेंदूविकारतज्ज्ञाच्या शिफारशीने होणाऱ्या तपासणीचा खर्च आरोग्य योजनेतून द्यावा आणि दोन्ही स्कॅनचा एकत्रित अहवाल बंधनकारक करावा.

– एक वाचक, सातारा